हनुवटीखालची झळ

"बाबा, आईचा तो गळ्याशी जाड पट्टीचा स्वेटर कुठल्या रंगाचा होता हो?" मुलीने फोनवर एवढंच विचारलं आणि तो गप्प झाला. गप्प तो एरवीही असायचा. आईचा विषय निघाला की बाबांच्या तोंडाला कुलूप लागतं हे मुलीला लहानपणापासून पाठ होतं. पण एरवी मनात उत्तर असून तो बोलत नसे. आज मनात शोधलं तर तिथे काही नव्हतंच. एका हातात फोन, दुसऱ्या हाताखाली माऊस, समोर पडद्यावर मुंडकं नसलेल्या कुणाचा तरी शर्ट, आणि हा आपला आ वासून बसलेला. मुलगी लोकरीच्या दुकानात उभी होती. मागे दुकानदार दुसऱ्या कुणाला तरी वजन सांगत होता. "मला तस्साच विणायचाय, एवढासा," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात आता बसून करायची कामं करा, तर म्हटलं बाळाला आजीच्या स्वेटरसारखा स्वेटर करू. नक्षी अक्काआत्याकडून उतरवून घेतली. फक्त रंग सांगा. बोला ना, दुकानदार तोंडाकडे बघतोय." "संध्याकाळी सांगतो," तो म्हणाला. "संध्याकाळी? अहो बाबा, रंग विचारतेय, गुपित नाही!" "कामात आहे गं." "सातला दुकान बंद होतं." "त्याच्या आत सांगतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला, आणि शर्टाच्या काखेतल्या सावलीकडे बघत बसला.

आता गंमत बघा, या माणसाचा धंदाच रंगाचा. कपडेवाल्या कंपन्या एकच कपडा शिवून घेतात, एकाच रंगाचा, एकदाच त्याचा फोटो काढतात आणि चोवीस रंगांत विकायला मांडतात. उरलेले तेवीस रंग याच्या टेबलावर जन्माला येतात. फोटोतल्या कापडातला रंग पार उपसून काढायचा, इतका की कापड काचेसारखं आरपार व्हावं. पण घड्या जाता कामा नयेत. काखेतली दाट सावली, कोपराच्या आतली बारीक, बटणाखालची नखाएवढी, या सगळ्या सावल्या एका थरात जपायच्या. खांद्यावर आणि बाहीच्या उंचवट्यावर जो उजेड पडलेला असतो तो दुसऱ्या थरात. मग या दोन थरांच्या खाली हवा तो रंग ओता, कपडा त्या रंगाचा होऊन उभा राहतो. सावल्या कुणीही ठेवतं हो, उजेड ठेवायला अक्कल लागते, नाहीतर कापड मेल्यासारखं दिसतं, असं तो नव्याने येणाऱ्यांना सांगायचा. तेवीस वर्षं हेच केलं. फिकट आकाशी आणि धुरकट आकाशी यांतला फरक हा माणूस दहा फुटांवरून सांगेल. आणि स्वतःच्या बायकोच्या अंगावरचा स्वेटर, जो तिने स्वतः विणला, जो दोन हिवाळे त्याच्या डोळ्यांसमोर घरात वावरला, त्याचा रंग याला सांगता येईना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो!

आणि रंग सोडला तर बाकी सगळं आठवत होतं, हेच तर खुपत होतं. डाव्या कोपराशी लोकर सैल पडली होती, हात वाकवला की तिथे तीन घड्या पडत, दोन मोठ्या आणि मधे एक चोरटी. थंडी वाजली की ती बाह्या ओढून बोटांवर घ्यायची, त्यामुळे मनगटाची किनार लांबली होती, उजवीकडची जास्त. खाली वाकून काही उचललं की पाठीवर कण्याच्या रेषेत उजेडाची एक पट्टी चढायची आणि मानेशी, त्या जाड पट्टीत, हरवायची. खिडकीपाशी उभी राहिली की कुशीत सावली पडायची ती हाताच्या तळव्याएवढी, आणि श्वासाबरोबर लहानमोठी व्हायची. ती सावली त्याला इतकी आठवत होती की तिथे हात ठेवावासा वाटला, बसल्या जागी, भर कचेरीत, अकरा वाजता. पण डोळे मिटून तो रंग बघायला गेला की स्वेटर यायचा तो राखाडी. निळा म्हणून पाहिला, निळा शोभला. तपकिरी म्हणून पाहिला, तोही शोभला. काय घातलं तरी बरोबर वाटायचं, आणि ज्याला काहीही बरोबर वाटतं त्याला काय ठाऊक असतं? "तू माझ्याकडे बघतोस ना," ती एकदा आरशासमोर म्हणाली होती, "तेव्हा मला वाटतं, माझ्यात कुठे चुणी पडलीय का ते शोधतोयस." तो हसला होता. तीही हसली होती, पण जरा उशिराने.

त्या स्वेटरमधला तिचा फोटो एकच होता. इतर फोटो होते, लग्नातले, सहलीतले, मुलीला कडेवर घेतलेले, पण स्वेटरमधला हा एकच, आणि तो कसा निघाला तर फुकटात. तेव्हा तो नुकता या कामाला लागला होता. एका दुपारी ती त्याचा विसरलेला डबा घेऊन स्टुडिओत आली. नेमकी त्या दिवशी कपडे घालून उभी राहणारी बाई आली नव्हती, दिवे लागलेले, पांढरा पडदा ताणलेला, फोटोग्राफर हात चोळत बसलेला. तो म्हणाला, "वहिनी, उभ्या राहा जरा, उजेड वाया चाललाय." ती लाजली, मग राहिली उभी, बाह्या ओढून बोटांवर घेतलेल्या, हनुवटी किंचित खाली. एकच फोटो. फोटोग्राफरने तो फ्लॉपीवर घालून दिला, स्वतःकडचा पुसून टाकला, आणि दोन वर्षांनी तो गावच सोडून गेला. घरी तेव्हा मित्राकडून मागून आणलेला संगणक होता, सरावासाठी. पोटापाण्याचं काम हातात बसलं नव्हतं, कंपनीच्या फाईल घरी आणायची परवानगी नाही, तेव्हा सरावाला याने काय घेतलं, तर बायकोचा फोटो.

ती संध्याकाळ त्याने किती वेळा काढून पाहिली असेल याची मोजदाद नाही. ती शेजारी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून बसली होती. त्याने स्वेटरमधला रंग उपसून काढला, सावल्या ठेवल्या, उजेड ठेवला, पहिल्यांदाच इतकं छान जमलं होतं. खाली लाल ओतला. "शी! टपालपेटी दिसतेय मी," ती म्हणाली. "जांभळा कर. अरे वा. आता तुझ्या अक्काला आवडतो तसला कर, उदास." त्याने उदास केला. "हुबेहूब अक्का!" तासभर हेच चाललं, चाळीसेक रंग झाले असतील. त्याने दुसऱ्या कुठल्या कामात तिला इतकी रमलेली पाहिली नव्हती, आणि स्वतःलाही नाही. मग भूक लागली, मशीन बंद करायची घाई झाली, आणि याने रंगाचा थर काढून टाकून सेव्हचं बटण दाबलं. फ्लॉपीवरच्या मूळ फाईलवरच. या धंद्यातला पहिला नियम असा की मूळ प्रतीला हात लावायचा नाही, आधी तिची नक्कल करायची, मग काय धुडगूस घालायचा तो नकलेवर. आज कुणी ही चूक केली तर तो त्याला टेबलावरून उठवेल. पण त्याला तेव्हा कोण उठवणार? फक्त तिने विचारलं, "आणि माझा खरा रंग कुठे गेला?" तो म्हणाला, "जातोय कुठे, स्वेटर आहे की तुझ्या अंगात." खरंच होतं ते. स्वेटर होता. ती होती. घरात दोन माणसं जिवंत असली की फोटोला कोण विचारतं?

आठ महिन्यांनी ती गेली. आजार लहान म्हणता म्हणता मोठा निघाला. मुलगी चार वर्षांचीही नव्हती. पंधरा दिवसांनी त्याने अक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला, बोलावून सांगितलं, "कपाट रिकामं कर, मला बघवत नाही." अक्काने विचारलं, "सगळं?" तो म्हणाला, "सगळं." आणि फिरायला निघून गेला. परत आला तेव्हा स्वेटरची खुंटीही मोकळी होती. त्याचं त्याला त्या दिवशी हलकं वाटलं, हे तो आजवर कुणाला बोलला नव्हता.

डबा खाऊन झाल्यावर त्याने जिन्यात जाऊन अक्काला फोन लावला. कपडे तिनेच दिले होते, तिच्या हातून स्वेटर गेला होता, तिला ठाऊक असणार. "स्वेटर?" अक्का म्हणाली. "मातकट होता बघ. नाही नाही, थांब, मातकट तो माझा. तिचा... निळसर? अरे, बावीस वर्षं झाली, मला काल काय जेवले ते आठवत नाही." "नक्षी बरी आठवली." "नक्षी हाताला आठवते रे. रंग काय हाताला कळतो?" मग ती म्हणाली, "एवढं काय डोकं धरून बसलायस? सांग कुठलाही. पोरगी तेव्हा एवढीशी, तिला काय कळणार आहे? गुलाबी सांग. बाळाला गोड दिसेल." "असं कसं सांगू?" "तोंडाने सांग! तू नाहीतरी जन्मभर तेच करतोस ना, हा रंग काढ, तो घाल?" अक्काचं बोलणं असं, सरळ उचलून डोक्यात. तिने प्रेमानेच म्हटलं होतं. पण फोन ठेवल्यावर तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. कारण ते इतकं सोपं होतं. गुलाबी म्हटलं की गुलाबी. मुलगी लोकर घेणार, विणणार, आलागेला बघणार, ती सांगणार आईचा अस्साच होता. मूल मोठं झालं की तेही सांगणार. या जगात तिला त्या स्वेटरमध्ये रोज पाहिलेला जाणता माणूस तो एकटाच उरला होता, तेव्हा तो बोलेल तेच खरं ठरणार, आणि खरं जे होतं ते दुसऱ्यांदा पुसलं जाणार, या वेळीही त्याच्याच हाताने. एकदा अजाणता झालं, त्याला क्षमा असेल नसेल. जाणूनबुजून ते त्याला करवेना. आणि तरी सातच्या आत काहीतरी सांगायचं होतंच.

कामात लक्ष कुठलं लागायला. दिलेला शर्ट संपवला, मग एक मरून स्वेटर होता, बाईच्या अंगावरचा, तो आकाशी करून पाठवायचा होता. हात आपोआप चालत होते. तो पुन्हा पुन्हा तिला घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात उभी करून बघत होता, दाराशी, नळाशी, पाळण्याशी, आणि दर वेळी ती यायची तशीच, सावल्यांची आणि उजेडाची, मधे काही नाही. चार वाजता समोरच्या टेबलावरची बूटवाली उठून आली. तिला सगळे बूटवालीच म्हणत, कारण पंधरा वर्षं ती फक्त पादत्राणांचे फोटो करायची, आणि शेवटची तपासणीही तिच्याकडेच असे. "काका, आज काय झालंय तुम्हाला? हे बघा, परत आलंय." तिने मरूनचा आकाशी झालेला स्वेटर त्याच्या पडद्यावर उघडला. स्वेटर आकाशी होता, पण त्यातल्या बाईच्या हनुवटीखाली, गळ्यावर, लालसर झाक तशीच राहिली होती. "झळ पुसायची विसरलात. तुम्ही! बाई आकाशी स्वेटर घालून पान खाल्ल्यासारखी दिसतेय." बूटवाली हसत होती. नवख्याची चूक होती ती. दिव्याखाली गडद कपडा घातला की कपड्याचा रंग उसळून अंगावर पडतो, हनुवटीखाली सगळ्यांत जास्त. कपड्याचा रंग बदलला तरी कातडीवर पडलेली ती झळ मागे राहते, आणि कामातलं सगळ्यांत शेवटचं, कंटाळवाणं काम म्हणजे ती पुसायची. "करतो," तो म्हणाला. आणि मग त्याने तिच्याकडे असं पाहिलं की ती म्हणाली, "काय झालं? बरं वाटत नाहीये का?" "नाही नाही," तो म्हणाला, "फार चांगलं केलंस सांगितलंस ते." बिचारी बूटवाली गोंधळून आपल्या बुटांकडे गेली.

कारण तेव्हा, त्या मागून आणलेल्या संगणकावर, त्याला झळ पुसायची असते हेच ठाऊक नव्हतं. ते तो वर्षभराने शिकला. त्याने फक्त स्वेटरचा रंग काढला होता. तिचा चेहरा होता तसा सोडला होता. आणि तिची हनुवटी खाली होती.

फोटो त्याच्याकडे होता, कायम असायचा, एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात तो नेत आला होता, पण उघडत नसे. उघडून करायचं काय? तिचा चेहरा आणि खाली ती राखाडी पोकळी. साडेपाचला लोक उठायला लागले, बूटवालीने जाताना दिवा असू दे का विचारलं, तो असू दे म्हणाला. मग त्याने फोटो उघडला. ती होती. पंचविशीतली, आता मुलगी आहे तेवढी. आधी त्याने काहीच केलं नाही, नुसतं पाहिलं. आपण पन्नाशी ओलांडली आणि ही तिथेच राहिली, बाह्या बोटांवर ओढून, कुणी सोडायला येईल म्हणून थांबल्यासारखी, याचं त्याला फार वाईट वाटलं. मग तो कामाला लागला. कपाळाच्या कातडीचा रंग घेतला, गालाचा घेतला, हनुवटीखालचा घेतला, शेजारी शेजारी ठेवले. नुसत्या डोळ्यांना तिन्ही सारखेच, खालचा तेवढा काळसर. पण सावलीमुळे जेवढं काळवंडतं तेवढं त्याने वजा केलं, ते त्याच्याइतकं कोण जाणतं, आणि उरलं ते हळूहळू वाढवत नेलं. हनुवटीखाली, कानाच्या पाळीखाली, गळ्याच्या त्या खळग्यात, शेवाळ धरावं तसा हिरवा वर आला.

हिरवा. जुन्या पाण्यावरच्या शेवाळासारखा, थोडा पिवळटपणाकडे झुकलेला. त्याने तो उचलला, सावल्यांच्या आणि उजेडाच्या खाली ओतला, आणि स्वेटर भरून आला. चूक असणं शक्य नव्हतं. मापाने, हिशेबाने, तेवीस वर्षांच्या कसबाने तो हिरवाच होता. आता हे बघितल्याबरोबर काहीतरी होईल, अशी तो वाट बघत होता. अरे हो, हाच की, असं आतून कुणीतरी म्हणेल. कुणी म्हणालं नाही. त्याने तोंड पडद्याजवळ नेलं, लांब नेलं. शोभत होता हिरवा. निळाही शोभला असता. त्याच्यासमोर बायकोचा खरा रंग होता आणि तो त्याला एखाद्या परक्या बाईच्या स्वेटरसारखा दिसत होता. एवढं सापडलं आणि ती काही सापडली नाही. मग त्याला रडू आलं, म्हणजे सरळ रडलाच तो, रुमाल शोधायच्या भानगडीत न पडता. पण मुलीला सांगायला खरं उत्तर तरी होतं. साडेसहा होऊन गेले होते. त्याने नाक पुसलं, घसा साफ केला आणि फोन लावला.

"बाबा! अहो मी केव्हाच घरी आले, लोकरसुद्धा गुंडाळून झाली," मुलगी म्हणाली. "दुकानदार कंटाळला हो माझ्या थोबाडाला. आणि मला जो रंग आठवतो तोच घेऊन टाकला. पिवळा ना?"

हिरवा अगदी तोंडाशी आला होता. "कसं आठवलं?" त्याने विचारलं.

"हसू नका हं. मी आईच्या मांडीवर होते. हात तिच्या बाहीत घातले होते, आतून, तिच्या हातांना चिकटून. समोर काहीतरी उजेडाचं होतं, टीव्ही असेल. आणि आई म्हणत होती, बघ बघ, आई कोंबडीचं पिल्लू झाली! असा पिवळाधम्मक. आणि इतकी हसत होती ना बाबा, तिचं पोट हलत होतं आणि त्याच्याबरोबर मी पण हलत होते. एवढंच. माझ्याकडे तिचं म्हणून एवढंच आहे. कधी वाटायचं मी आपलं मनानेच रचलंय. म्हणून तुम्हाला विचारलं."

त्या संध्याकाळच्या आठवणीत त्याने आजवर दोनच माणसं धरली होती. स्वतःला आणि तिला. आता मुलगी बोलली आणि स्टुलावर, तिच्या मांडीवर, ती तिसरी दिसली, म्हणजे असणारच की, एवढं पोर संध्याकाळी दुसरं कुठे असणार? पण त्याने वळून पाहिलंच नव्हतं. तो सगळा वेळ पडद्यावरच्या तिच्याकडे बघत होता, आणि ती इथे, हातभर अंतरावर, पोट धरून हसत होती. पिवळा त्याने केला होता. चाळिसांतला एक. तो हिरव्या स्वेटरमध्ये बसलेल्या पोरीने पाहिला, आणि आईच्या हसण्यासकट नेला.

"बाबा? ऐकताय ना? पिवळाच होता ना?"

पडद्यावर हिरवा होता, खरा. तो गिळून तो म्हणाला, "पिवळ्यात ती फार हसली होती." त्यात खोटं काही नव्हतं.

"म्हणजे मी रचलेलं नाही!" मुलगी ओरडलीच. मग फोनवर तिचं नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं झालं बाई. माझ्या तर दोन ओळी घालूनही झाल्यात. जेवलात का तुम्ही? कचेरीतच आहात अजून? ठेवू मी?"

"नको, ठेवू नकोस," तो म्हणाला. "बाळ, पुन्हा सांग ना. ती काय म्हणाली? पोट कसं हलत होतं म्हणालीस?"

बावीस वर्षं विचारत आली होती ती, आणि आज बाबा विचारत होते. तिने पहिल्यापासून सांगायला घेतलं, सावकाश, बारीकसारीक आठवून आठवून, आणि तो पडद्याकडे पाठ करून ऐकत बसला.